गिटार, खंजिरी आणि अख्खं गाणं

साठचं दशक सरत आलं होतं. अमरावतीच्या कॉलेजातला माझा मित्र, मूळचा अकोल्याचा, विजेची गिटार वाजवायचा. ॲम्प्लिफायर आणायचा कुठून? घरच्या रेडिओच्या मागे त्याने गिटारची वायर जोडली होती, त्यामुळे आईच्या बातम्या रोज बुडायच्या. परदेशी गाणी ऐकून तो झपाटला होता. मुखडा-अंतरा नको, गाण्याने चाल बदलत लांबवर जावं, मध्येच थांबावं, पुन्हा उठावं. तसं गाणं त्याने रचलं. ताल सात मात्रांचा, आणि साथ चक्क खंजिरीची! त्यासाठी आमच्या गल्लीतल्या भजनमंडळातले काका आणले. मी बुलबुलतरंगावर. असं डोकं वऱ्हाडात दुसरं नव्हतं, हे मी आजही छातीठोक सांगतो.

आदल्या वर्षी कॉलेजच्या स्नेहसंमेलनात त्याचं गाणं फार लांबतंय म्हणून अर्ध्यातच पडदा पाडला होता. आता हे त्याचं शेवटचं वर्ष.

"या खेपेले अख्खं ऐकवीन, नाईतर पुन्हा गिटारले हात लावत नाई," तो म्हणाला. बोलला की तो करायचाच, म्हणून मला धास्ती.

संमेलनाच्या दिवशी सुरुवात झकास झाली. मग मधला थांबा आला. सगळी वाद्यं बंद, सभागृह चिडीचूप. भजन थांबलं की जयजयकार करायचा, ही काकांची जन्माची सवय. दोन्ही हात वर करून त्यांनी खणखणीत जय म्हटला आणि सभागृहाने तो उचलून धरला. गाणं संपलं असं समजून कार्यक्रम सांभाळणाऱ्या सरांनी पडद्यापुढे येऊन आभारप्रदर्शन सुरू केलं, पडदाही सरकू लागला. मित्राचा चेहरा पांढराफटक.

"मी काय करून बसलो बाप्पा!" म्हणत काका उठले आणि पडद्याबाहेर जाऊन सरांच्या शेजारी एकटेच खंजिरी वाजवू लागले. त्याच सात मात्रा. लोक सवयीने आठाच्या टाळ्या देताना अडखळले, हसले, पुन्हा जुळवू लागले. सरांनी कागद खिशात घातला. पडदा उघडला. मग मित्राची गिटार अशी उसळली की मी वाजवायचंच विसरलो.

गाणं शेवटच्या सुरापर्यंत गेलं. सूर विरला. टाळी नाही. एकदा फसलेले लोक हूं की चूं न करता वाट पाहत होते, अजून असेल म्हणून. इतकं जीव लावून ऐकणारं सभागृह मी पुन्हा पाहिलं नाही. माझे डोळे भरून आले. शेवटी मित्रच माइकपाशी गेला आणि म्हणाला, "झालं ना बाप्पा आता. अख्खं झालं."