एका सीझनपुरती पांढरी वडी

सबनीस साहेब खाली बसायला तयार नव्हते. कोपरीचं मैदान, मधोमध चुन्याने आखलेल्या रेषा, चारी बाजूंना माणसं आणि बसायला सतरंज्या. मी त्यांच्यासाठी खुर्ची मागायला निघाले तेव्हा मात्र त्यांनीच मला थांबवलं.

"नको. खुर्चीवर बसलो तर लोक माझ्याशी खरं बोलणार नाहीत."

मग पँटची इस्त्री सांभाळत ते सतरंजीच्या कडेला बसले. मी शेजारी. समोर आमच्या कंपनीची टीम अंग मोकळं करत होती, आणि ही टीम बंद करायची की नाही हे ठरवायला साहेब आले होते.

नव्वदीची सुरुवात होती. मी डोंबिवली एमआयडीसीतल्या एका साबणाच्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर होते. वेल्फेअर ऑफिसर म्हणजे जे काम दुसऱ्या कुठल्याच खात्यात बसत नाही ते सगळं बघणारी बाई. कॅन्टीनच्या आमटीत मीठ जास्त पडलं, युनिफॉर्म आखूड निघाले, पाळणाघरातली आया आली नाही, सगळं माझ्या टेबलावर यायचं. त्यातच कधीतरी कबड्डीची टीमही आली. मला कबड्डीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पोरं गुणी होती. सकाळी पॅकिंग खात्यात वड्या भरायची, दुपारनंतर सराव करायची. सगळी टेम्पररी. टीम आहे तोवर नोकरी.

आम्ही कपडे धुण्याची पांढरी वडी बनवायचो. चांगली वडी होती, कापड खात नसे. मग बाजारात एक गुलाबी वडी आली. आमच्याहून स्वस्त, आणि टीव्हीवर दर थोड्या वेळाने तिचं गाणं. वर दुकानदाराला स्कीम. स्कीम म्हणजे एवढा माल उचलला की वर काही वड्या फुकट. दुकानदाराचा फायदा वाढला की तो गुलाबी वडी पुढे मांडणार आणि आमची मागच्या फळीवर टाकणार, हे उघड होतं. हेड ऑफिसने ठरवलं, आपणही भाव उतरवायचा. भाव उतरवायचा तर खर्च कापायला हवा, आणि खर्च कापायला निघालं की पहिली नजर वेल्फेअरवर जाते. माझ्या सगळ्या नोकरीत याला अपवाद झाला नाही.

टीमचा कॅप्टन दिलीप कोपरीचाच, मासेमारी करणाऱ्या घरातला. टीम बंद होणार ही बातमी कानावर आल्यावर तो माझ्या केबिनच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"मॅडम, एक सीझन मिळंल का?"

"एकाने काय होणार आहे?"

त्याने समजावलं तेव्हा मला कळलं. कबड्डीत कंपन्यांच्या संघांचा वेगळा गट असतो, त्याला व्यावसायिक गट म्हणतात. गेल्या सीझनला आमची टीम पहिल्यांदाच राज्य पातळीच्या दारात पोचली होती. आणखी एक सीझन मिळून ती राज्य पातळीवर खेळली तर पोरांना रेल्वेत, बँकेत, पोलिसात स्पोर्ट्स कोट्यातून बोलावणं येऊ शकत होतं. पक्की नोकरी. टीम आत्ता बंद झाली तर पोरं पॅकिंगमधूनही जाणार आणि मैदानातूनही.

म्हणून मी मार्केटिंग मॅनेजर सबनीस साहेबांना हेड ऑफिसला फोन केला. म्हटलं, बंद करायच्या आधी एकदा मॅच बघा. ते म्हणाले, "मॅच कशाला? टीममुळे आपली वडी घेतो असा एक माणूस दाखवा, मी गप्प बसतो." मी दाखवते म्हणाले. कुठून दाखवणार होते, देव जाणे.

सतरंजीवर आमच्या शेजारी हिराबाई होती. कोपरीच्या बाजारात मासे विकायची. टोपली रिकामी करून थेट मॅचला आलेली. तिच्या पलीकडे ठाकुर्लीचे किराणा दुकानदार कांतीशेठ. कबड्डीसाठी दुकान भावाच्या गळ्यात घालून ते कुठेही जायचे. दोघांचं जोरात चाललेलं.

"शेठ, तेलाचा भाव परत चढवलास तू."

"मी कुठे चढवला, हिराबाई? वरून चढून येतो. तुझं पापलेट काय कमी चढलंय?"

"माझा पापलेट दर्यातून येतो. तुझा तेल दर्यातून येतो काय?"

साहेब पुढे सरकले. कोण, कुठले, काही न सांगता त्यांनी सरळ विचारलं, "बाई, कपड्यांना कुठली वडी वापरता?"

"गुलाबी."



"पांढरी का नाही?"

"चांगली हाय पांढरी. पन परवडत नाय. माशाचे कपडे रोज धुवाचे, चांगली वडी कुठं पुरवू?"

कांतीशेठनी मान डोलावली. "साहेब, गुलाबीवर स्कीम आहे. मी पण तीच पुढे मांडतो. पोट आहे ना."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी मैदानाकडे बोट केलं. "आणि या टीमला पैसे कोण देतं?"

"आमचीच पोरं हायती," हिराबाई म्हणाली. "गावच देतो."

"त्यांच्या पाठीवर नाव लिहिलंय की."

हिराबाईने डोळे बारीक करून जर्सीवरचं आमच्या कंपनीचं नाव बघितलं. "त्यो? मना वाटला शिंप्याचा नाव हाय."

कांतीशेठ खो खो हसले. साहेबही हसले, पण वेगळ्या कारणाने. मी हसण्याच्या परिस्थितीत नव्हते. इतकी वर्षं कंपनी जर्सी, बूट, प्रवासखर्च देत होती आणि कोपरीला वाटत होतं की ती शिंप्याची जाहिरात आहे.

मॅच सुरू झाली. मॅचचं काय सांगू, दिलीपने चढाईत तिघांना बाद केलं तेव्हा मीही ओरडले, साहेबही गुडघ्यांवर आले. आणि तेवढ्यात गावंड सरांनी आम्हाला पाहिलं.

गावंड सर शाळेत पीटी शिकवायचे आणि अशा सामन्यांत माइक सांभाळायचे. आपल्याकडे माइकवाल्याची एक रीत असते. पाहुणा दिसला की त्याच्या नावाने देणगी जाहीर करून टाकायची. पाहुण्याला विचारायचं नाही. टाळ्या पडल्या की पाहुणा नाही म्हणू शकत नाही, आणि बिचारा घरी जाऊन बायकोला काय सांगायचं याचा विचार करत बसतो. गणपतीत, सत्यनारायणाला, सगळीकडे हेच. गावंड सर या कामात तरबेज होते.

"आपल्यामध्ये कंपनीचे मोठे साहेब येऊन बसलेले आहेत. साहेब स्वभावाने संकोची आहेत, स्वतः बोलणार नाहीत. पण त्यांच्या मनातलं मी ओळखलेलं आहे. पुढच्या सीझनचा संपूर्ण खर्च साहेबांच्या कंपनीकडून. जोरदार टाळ्या."

मैदान दणाणलं. मी डोळे मिटले. गावंड सरांना मी फक्त "साहेब येणार आहेत, जरा बघा" एवढंच म्हटलं होतं. त्यांनी चांगलंच बघितलं होतं.

साहेब उठले, सरळ चालत टेबलाशी गेले आणि माइक हातात घेतला. ही गोष्ट गावंड सरांच्या हिशेबात नव्हती. पाहुणे हात जोडून खाली बसतात, माइक मागत नाहीत.

"मी असं काही म्हणालेलो नाही," साहेब म्हणाले. "मी ही टीम बंद करायला आलोय."

मॅच थांबली. विरुद्ध टीमसुद्धा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. साहेबांनी अगदी साध्या शब्दांत सांगितलं. आमची वडी महाग, समोरची स्वस्त. भाव उतरवायचा तर कुठेतरी हात आखडावा लागणार. "या टीमचा खर्च शेवटी वडीच्या भावातूनच निघतो. तुम्ही गुलाबी घेता, त्यात चूक काहीच नाही. मी तुमच्या जागी असतो तर तीच घेतली असती. पण मग टीमचे पैसे मी कुठून आणू, ते तुम्हीच सांगा."

दिलीप रेषेवर उभा होता. त्याच्याकडे बघवेना. मला त्या क्षणी साहेबांचा भयंकर राग आला होता. आज वाटतं, तेवढं खरं त्यांच्याआधी त्या लोकांशी कुणी बोललंच नव्हतं.

आणि हिराबाई उभी राहिली. तिला माइक लागत नसे.

"सायेब, किती वरसं पायजेत पोरांना?"

"मला विचारू नका. मुलांना विचारा."

"दिलप्या, बोल."

"एक सीझन," दिलीप म्हणाला.

"ऐकलाव? एक वरीस. एक वरीस आमी पांढरी घेतो. सगली कोपरी घेल. पोरं नोकरीला लागली काय आमी परत गुलाबीवर. चालतंय काय बोला."

"तोंडी बोलायला काय जातं," साहेब म्हणाले.

"मी रोज तोंडीच धंदा करते. सकाली उधार माल उचलते, संध्याकाली पैसा पोचवते. कोन कागद करतो?"

मग ती कांतीशेठकडे वळली. "आनि शेठ, तू पांढरी पुढं मांडाची. स्कीम गेली खड्ड्यात."

कांतीशेठ घुटमळले. फुकटच्या वड्यांवर पाणी सोडायचं म्हणजे दुकानदाराच्या जिवावर येतं. पण सगळं मैदान त्यांच्याकडे बघत होतं, आणि दिलीपने मघाशी काढलेले तीन गडी त्यांच्याही डोळ्यांसमोर होते.

"एक वर्ष," ते म्हणाले. "ठाकुर्लीत माझ्याबरोबर आणखी दुकानं आहेत, त्यांना पण बोलतो. पण एकच वर्ष हं, साहेब."

साहेबांनी माइक पुन्हा तोंडाशी धरला. मग म्हणाले, "ठीक आहे. एक सीझन." आणि माइक गावंड सरांना परत देताना त्यांच्या कानाशी काहीतरी बोलले. काय ते सरांनी मला कधीच सांगितलं नाही. पण नंतर ते कुणाचीही देणगी विचारल्याशिवाय जाहीर करत नसत.

परतताना मी गाडीत म्हटलं, "सर, त्यांनी शब्द पाळला नाही तर?"

"मॅडम, मी आयुष्यभर साबण विकतोय," ते म्हणाले. "गिऱ्हाईक कधी सोडून जाणार हे त्याने आधी सांगितलं, असं आज पहिल्यांदा झालं. अशा माणसाशी व्यवहार करायला मला भीती वाटत नाही."

पुढच्या वर्षभरात पांढऱ्या वडीने बाजार जिंकला असं काही झालं नाही. कल्याणच्या घाऊक बाजारात गुलाबीच चालली, बाकी सगळीकडे तीच. फक्त कोपरीत आणि ठाकुर्लीत आमचा सेल्समन हसत जायचा आणि हसत यायचा. हेड ऑफिसला त्याचं कारण कळेना. साहेबांनी सांगितलंही नाही. टीम राज्य पातळीवर खेळली. फायनलला हरली, पण बघणाऱ्यांनी बघायचं ते बघितलं. दिलीप रेल्वेत लागला. दोघं बँकेत गेले, काही पोलिसात. शेवटच्या मुलाची नोकरीची ऑर्डर आली तेव्हा तो पेढे घेऊन आला आणि मी केबिनचं दार लावून रडले. पस्तिशी उलटलेली बाई, कॅन्टीनच्या आमटीवरून कॉन्ट्रॅक्टरला दम देणारी. पण रडले.

सीझन संपल्यावर एका दुपारी गेटवरून फोन आला. कोपरीची बाई आलीये, सबनीस साहेबांना भेटायचंय म्हणते. योगायोगाने साहेब मीटिंगसाठी कारखान्यातच होते. आम्ही दोघं गेटवर गेलो. हिराबाई टोपली घेऊन उभी होती. वर केळीचं पान झाकलेलं.

"पोरं लागली, सायेब. उद्यापासून आमी गुलाबी घेनार. सांगून जावा म्हनून आले."

साहेबांनी हात जोडले. त्यांच्यासारखा माणूस गेटवर हात जोडून उभा राहिलेला वॉचमनने आधी पाहिला नव्हता. ते म्हणाले, "बाई, तुमचे उपकार आहेत."

"उपकार कसला? बोली झालेली ना." तिने पान बाजूला केलं. आत मोठाली पापलेटं होती. "ही बोलीत नव्हती. ही घ्या."

साहेबांनी पापलेटं घेतली. टीम त्या महिन्यात बंद झाली, आणि पुढे काही वर्षांनी कारखानाही. मी त्यानंतर आणखी दोन कंपन्यांत काम केलं. गिऱ्हाइकाचा विश्वास कसा जिंकावा यावर पुष्कळ भाषणं ऐकली, चहाबिस्किटांसकट. सोडून जाताना गेटपर्यंत येऊन सांगणारं गिऱ्हाईक मात्र मला पुन्हा भेटलं नाही.

आमच्याही घरी गुलाबीच वडी येते. परवडते.