केशवने ओढलेला हँडब्रेक

आमच्या लष्करी वर्कशॉपची डिटॅचमेंट, म्हणजे छोटी तुकडी, तेव्हा डोंगरात होती. वर चौक्या, खाली नदी आणि मधे एकच रस्ता. त्या रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीची चाकं कधी ना कधी माझ्या हाताखालून जायची. मी व्हेइकल मेकॅनिक. आमचं घर सेनगावकडचं, मेंढरं राखणारं. मेंढरू लंगडलं की आजोबा त्याचा पाय हातात घेऊन दुखणं सांगायचे. मी चाक फिरवून बेअरिंगचं दुखणं सांगायला शिकलो. घराण्याचं नाव एवढंच राखलं.

आमच्या सुभेदारसाहेबांचा एक नियम होता. ज्याने ब्रेक बांधला, त्याने पहिल्या उताराला ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं. कुठल्या हुकमात तो लिहिलेला नव्हता, पण कुणी मोडलाही नाही. आपल्या हाताच्या कामावर आपणच बसायचं म्हटल्यावर नट ढिला राहत नाही.

नाईक केशव ड्रायव्हर होता. वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचा, हळद पिकवणाऱ्या घरचा. आमच्यात हिंगोली जिल्ह्याचे आम्ही दोघेच, त्यामुळे गावाकडचं बोलायला एकमेकांशिवाय कुणी नव्हतं. "मेंढरं सोडून चाकं वळायला आला," म्हणून तो मला चिडवायचा. पण गाडी थांबली की खाली उतरून चारी चाकांना हात लावल्याशिवाय चहा घ्यायचा नाही. कुठलं चाक तापलंय ते मला आधी सांगायचा. मी पुष्कळ ड्रायव्हर पाहिले. त्याच्यासारखा दुसरा पाहिला नाही.

त्या दिवशी सकाळी मी त्याच्या ट्रकचे ब्रेक बांधून दिले होते. नियमाप्रमाणे मी शेजारी बसलो. डाव्या हाताला दरी, उजव्या हाताला कडा. दुसऱ्या वळणानंतर कड्यावरून दगड सुटले. एक थेट चाकामागे घुसला आणि ब्रेकचा पाइप तुटला. केशवचं पॅडल तळाला गेलं. त्याने खालचा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला. ट्रक मंदावला, पण थांबेना. पुढच्या वळणावर रस्त्याच्या कामावरची माणसं खडी फोडत बसली होती. त्यात बायाही होत्या.

केशवने एका हाताने हॉर्न दाबून धरला.

"दत्ता, पाय वर घे."

मी पाय वर घेतले. त्याने स्टिअरिंग उजवीकडे वळवलं आणि ट्रक कड्याला लावला. उजवी बाजू म्हणजे ड्रायव्हरची बाजू. त्याची बाजू चेपली. माझ्या बाजूची काचसुद्धा फुटली नाही. फक्त पायांपुढचा पत्रा आत आला होता, माझे पाय जिथे होते तिथपर्यंत.

मी रेडिओ सेट उचलला. "कंट्रोल, गाडी कड्याला लागली. ड्रायव्हर गंभीर. डॉक्टर पाठवा. ओव्हर."

"रॉजर. ड्रायव्हर कोण? ओव्हर."

"नाईक केशव. ओव्हर."

डॉक्टर पोचायच्या आधी तो गेला. खडी फोडणाऱ्यांपैकी एकालाही खरचटलं नव्हतं. पाइप दगडानेच तुटला, हे चौकशीत निघालं. मी त्याच्या पार्थिवासोबत कुरुंद्याला आलो. त्याच्या बायकोला, सुमनवहिनींना एवढंच सांगितलं, की त्याने माणसं वाचवली. शेवटचे शब्द सांगायला माझी जीभ उचलली नाही.

आता मी पेन्शनीत आहे आणि सेनगावला माझं छोटं गॅरेज आहे. गेल्या थंडीत केशवच्या मुलीचा, अशूचा फोन आला. ती कळमनुरीला दवाखान्यात नर्स आहे. ड्यूटीच्या वेळा वाकड्यातिकड्या, बस मिळत नाही. घरी केशवची पांढरी कार उभी होती. त्याने सेकंडहँड घेतलेली, शेवटच्या सुट्टीपासून शेडमध्येच. इंजिनाचं काम गावातल्या मिस्त्रीने केलं होतं. पण अशू ती चालवायला नेते म्हणताच सुमनवहिनी अडून बसल्या होत्या.

मी गेलो तेव्हा त्या ओसरीवर होत्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "भाऊजी, बिरेकनंच माझा माणूस नेला. तुमी बघा. तुमचं मन बराबर म्हनत नसल तर गाडी भंगारात द्या. माझी लेक त्यात बसनार न्हाई."

गाडी ढकलून पाहिली. मागची चाकं हलेनात. शेडच्या शेजारीच दरवर्षी हळद शिजते. इतक्या वर्षांची वाफ चाकांमधल्या ब्रेकच्या ड्रममध्ये गेली होती आणि फटीफटीत पिवळी भुकटी बसली होती. आत पाहिलं तर हँडब्रेक वर ओढलेला. मी अशूला विचारलं. ती म्हणाली, बाबांनी लावून ठेवला होता, म्हणून घरात कुणी त्याला हात लावला नाही. सणावाराला गाडी पुसायचे, हळदकुंकू वाहायचे, पण तो दांडा सोडायचे नाहीत. त्या मायेने ब्रेकचे लायनर ड्रमला गंजून चिकटले होते.

मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक सोडायचा, गिअरमध्ये टाकायची, चाकाला दगड लावायचा. हे मला केशवनेच शिकवलं होतं.

केबल सोडवली. ड्रमवर डिझेल सोडून रात्रभर मुरू दिलं. सकाळी ड्रमच्या दोन भोकांत बोल्ट घालून एकेक पीळ देत गेलो, मधूनमधून हातोडीने टकटक. दुपारी पहिला ड्रम सुटला आणि आतून गंजाचा ढीग पडला. लायनर, सिलिंडर, पाइप सगळं नवं घातलं. बेअरिंगमधलं ग्रीस वाळून खडी झालं होतं आणि गोळ्यांना खड्डे पडले होते. नवी बेअरिंगं आणली, तळहातावर ग्रीस घेऊन दाबून दाबून भरलं. चाक फिरवून कान लावला. आवाज नव्हता.

मग पाइपातली हवा काढायची होती. त्याला पॅडलवर कुणीतरी लागतं. अशू ड्यूटीवर गेलेली. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या आपण होऊन आल्या, पदर खोचला आणि केशवच्या सीटवर बसल्या.

"दाबा."

"दाबलं."

"धरा. आता सोडा."

चारी चाकं झाली. मी गाडीखालूनच विचारलं, की केशव हँडब्रेक ओढून ठेवणारा नव्हता, मग असं काहून केलं त्याने?

त्या पॅडलवरचा पाय काढून म्हणाल्या, "अशू तवा सात वर्साची. सारखी गाडीत खेळायची, दांडे हलवायची. निघताना ते म्हनले, बिरेक गंजला तर गंजू दे. गाडी घरंगळून लेकराला लागाया नको."

मी पाना खाली ठेवला. रडू आलं, डोळे पुसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी अशू चालवायला बसली. मी नियमाप्रमाणे शेजारी. वहिनी न विचारता मागे येऊन बसल्या. गावाबाहेर कालव्याच्या पुलावरून रस्ता सरळ खाली उतरतो. मधोमध मी म्हणालो, "ब्रेक." अशूने पॅडल दाबलं. गाडी जागच्या जागी उभी राहिली, डावीकडे नाही की उजवीकडे नाही.

मागून वहिनींनी विचारलं, "भाऊजी, पाय काहून वर घेतले?"

मी खाली पाहिलं. माझे गुडघे छातीशी आले होते. मला कळलंही नव्हतं.

"केशव म्हणाला होता," मी म्हणालो. "कड्याला लावायच्या आधी. 'दत्ता, पाय वर घे.' तेवढंच बोलला."

अशूचा पाय ब्रेकवरच होता. मग वहिनींनी पुढे हात करून लेकीच्या खांद्यावर ठेवला.

"चल," त्या म्हणाल्या. "बाबांची गाडी हाय. नीट चालव."

घरी आल्यावर अशूने गाडी शेडमध्ये लावली आणि सवयीने हँडब्रेकला हात घातला. वहिनींनी तिला थांबवलं. मागच्या अंगणातून दोन दगड आणले आणि खाली बसून स्वतःच्या हाताने चाकांना लावले.