जावईबापूंच्या गाडीच्या दोन देवळ्या

वैद्यनाथ माणसाचे दुखणे जाणतो, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. तो यंत्राचेही दुखणे जाणत असावा, असे मानण्यास आता मजजवळ थोडा आधार आहे. त्याच्या पायी मस्तक ठेवून ही आठवण लिहावयास बसलो आहे. निमित्त पुरुषोत्तम मासाचे. आमच्याकडे त्याला सरळ धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात लेक-जावयास लक्ष्मीनारायण समजावे, घरी बोलवावे, पुरणाचे वाफवलेले गोळे म्हणजे धोंडे जेवू घालावेत आणि अनारशांचे ताट हाती द्यावे, अशी रीत आहे. गेल्या धोंड्यात आमचा नारायण गरुडावरून न येता परदेशी बनावटीच्या, हळदीच्या रंगाच्या, दोनच आसनांच्या गाडीतून आला.

आमचे गाव परळीच्या रस्त्यावर. मी शाळेत संस्कृत शिकविले आणि निवृत्तीनंतर गावातल्या पूजाअर्चा सांगतो. जावई इंजिनिअर. पाटबंधारे खात्यात कायम नोकरीत होते, आणि एवढ्याच गुणावर माझ्या पत्नीने ते स्थळ निवडले होते. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्यांनी राजीनामा दिला व पुण्यात गॅरेज काढले. ज्यांच्या गाड्या मुळातच वेगवान आहेत त्यांना त्या आणखी वेगवान करून देणे, हा त्यांचा व्यवसाय. ज्या शहरात सायंकाळी पायी चालणारा माणूस मोटारीच्या पुढे जातो, तेथे या विद्येची गरज कोणाला, असे मी त्यांना एकदाच विचारले. त्यांनी नम्रपणे सांगितले की गरज कोणालाच नाही, म्हणूनच लोक येतात. उत्तर शास्त्रशुद्ध होते.

पत्नीने मात्र काही विचारले नाही. तिने त्यांच्याशी बोलणेच बंद केले. सासूने जावयाशी समोरासमोर बोलू नये, अशी जुन्या बायकांची रीत आमच्या भागात अजून थोडीबहुत आहे. तिने आपला राग त्या रीतीच्या पदराआड असा काही ठेवला की कोणास बोट ठेवता येऊ नये. जावई समोर पाटावर बसलेले असताना ती लेकीकडे पाहून म्हणे, "त्यांना विचार, वरण वाढू का." जावईही लेकीलाच सांगत, "आईंना सांग, पुरे." मधे वरणाचे भांडे निवत असे.

या खेपेस लेक उतरल्या उतरल्या मला बाजूस घेऊन बोलली. आई या वेळीही बोलली नाही, तर हे पुन्हा या उंबऱ्यावर येणार नाहीत, असे तिने सांगितले. तसे ते तिला स्पष्ट बोलले होते, आणि बोललेले पाळणारा माणूस आहे. लेकीचा चेहरा पाहून मला धोंड्याचा घास गोड लागेना.

गाडीचे आगमन मात्र थाटाचे झाले. ती जमिनीला इतकी लगटून चाले की ग्रामपंचायतीपुढच्या गतिरोधकावर पोट टेकून अडकली. पारावरच्या मंडळींनी फळ्या आणल्या, चाकांखाली घातल्या. आमच्या शेजारी तीन चाकांची, डिझेलची, धूर ओकणारी टमटम चालविणारा एक गृहस्थ आहे. त्याने गाडीभोवती एक फेरी मारून विचारले, "दाजी, ही गाडी बसलीय का उभी हाय?" जावई म्हणाले, उभी आहे. "मंग बसल्यावर कशी दिसंल?" एवढे म्हणून तो पुढे गेला.

दुपारी जावयांनी मला त्या गाडीवर केलेले संस्कार समजावून सांगितले. मूळ कारखान्याने ती उंच ठेवली होती, यांनी ती खाली उतरविली. मूळचा धूर जाण्याचा मार्ग शांत होता, यांनी तो गर्जणारा केला. दारांच्या मागे दोन्ही अंगांस हवा आत घेण्याचे झरोके होते, त्यांवर जाळी होती. यांनी जाळी काढली, आतली हवा गाळणारी पेटीही काढली आणि तिच्या जागी एक उघडी शंक्वाकृती गाळणी बसविली. गाडी जितका मोठा श्वास घेईल तितका तिचा जोर वाढतो, असे ते म्हणाले. प्राणायामात नुसता पूरक, म्हणजे आत घेतलेला श्वास, वाढवून भागत नाही, हे माझ्या ओठांवर आले होते. परंतु जावई त्या महिन्यात नारायण असतो आणि नारायणास प्राणायाम शिकवू नये.

सायंकाळी वाहनपूजा झाली. चाकांखाली लिंबे ठेविली, पुढच्या झाकणावर स्वस्तिक काढले, श्रीफळ वाढविले आणि यंत्रदेवतेस मी यथासांग आवाहन केले. आमच्या आळीतल्या सुवासिनींनी औक्षण केले. पत्नी सर्वांत शेवटी आली. तिच्या गुडघ्यांना वाकणे जमत नाही, म्हणून ती गाडीच्या कडेकडेने फिरली, दोन्ही बाजूंस थोडी थोडी थांबली आणि मागे सरली. तिने तेथे काय केले याकडे कोणाचे लक्ष नव्हते. सर्वांचे लक्ष, ती जावयांस काही बोलते का, याकडे होते. ती बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. पुरुषोत्तम मासात जावयाच्या वाहनातून वैद्यनाथाचे दर्शन घ्यावे, ही पत्नीची जुनी इच्छा. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेचे बोलणे चालू होते, तेव्हा ती इच्छा आताच पुरवावी असे लेकीच्या मनाने घेतले. आसने दोनच असल्यामुळे त्या गाडीत सासू आणि जावई यांनाच बसावे लागणार होते, आणि लेकीचा कावा तोच होता. वाटेत तिसरे माणूस नाही, तर निरोप कोणाकरवी पाठविणार? पत्नीस त्या आसनात उतरविण्यास आम्हा दोघांचे बळ लागले. आसन कसले, ओसरीखालची पायरीच ती. मांडीवर नैवेद्याचा डबा, त्यावर मलमलचा धुतलेला पंचा. गाडीने गर्जना केली, पारावरची कुत्री उठून निघून गेली. मी आणि लेक मागून शेजाऱ्याच्या टमटममध्ये बसलो.

वाटेत त्या दोघांत काय बोलणे झाले, ते मला नंतर जावयांकडूनच कळले. काहीही झाले नाही. पत्नी समोरच्या काचेस उद्देशून "जरा हळू" एवढे एकदा म्हणाली. काचेने उत्तर दिले नाही, गाडी मात्र हळू झाली. जावयांनी पायाखालची वेगाची कळ सोडलेलीच नव्हती.

परळी जवळ आली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडे राखाडी होतात. तिथल्या औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या गाड्या पुढून मागून जात असतात आणि उन्हात त्यांच्या मागे एक मऊ पडदा लोंबत राहतो. त्या पडद्यातून आमची टमटम बाहेर पडली, तेव्हा हळदीच्या रंगाची गाडी लिंबाखाली उभी असलेली दिसली. एव्हाना ती भस्माच्या रंगाची झाली होती. आमचा शेजारी आनंदाने थांबला. "काहून थांबले दाजी? रस्सी हाय माझ्याकडं. मागं बांधू का?" जावयांनी मान हलवून नको म्हटले. त्यांचे डोळे फोनवर होते.

गाडीस एक लहानशी डबी जोडून ते फोनवर तिचे निदान वाचत होते. यंत्रास इजा होऊ लागली की ही गाडी आपला वेग आपणच आवरते, असे त्यांनी सांगितले. ज्या गाडीस माणसाने संयम सोडावयास शिकविले होते, तिने तो कोठेतरी जपून ठेवला होता, याचा मला आदर वाटला. फोन म्हणत होता, हवा कमी. जावयांस ते पटेना. हवेसाठी तर त्यांनी जाळ्या काढल्या होत्या. त्यांनी प्रथम आमच्याकडील पेट्रोलवर संशय घेतला, मग एका सेन्सरवर, मग स्वतः भरलेल्या आज्ञावलीवर. त्यांनी मागचे झाकण उघडले, तेव्हा मला प्रथमच कळले की यंत्र मागे आहे. काल ज्या झाकणाखाली मी देवतेस आवाहन केले होते, तेथे एक छत्री आणि लेकीच्या चपला होत्या.

ऊन चढत होते. दर्शनाची रांग वाढत असणार. पत्नी आत अडकून होती, कारण त्या आसनातून तिला स्वतःहून उठता येत नव्हते. जावयांचे तोंड उतरले होते. एका बाजूस त्यांची विद्या, दुसऱ्या बाजूस सासूचे दर्शन, आणि दोन्ही राखेत. लेक दाराशी उभी होती. पत्नी तिला म्हणाली, "त्यांना विचार, गाडीला झालंय काय."

जावई झाकणाआडून म्हणाले, "आईंना सांग, हवा कमी पडतेय."

"त्यांना विचार, हवा घेते कुठून."

"आईंना सांग, दारामागं दोन झरोके आहेत, तिथून."

एक राखेची गाडी गेली, पडदा आला आणि विरला. पत्नीने डब्यावरचा पंचा उगाच सारखा केला. लेकीने वळून पाहिले, परंतु आईने तिच्याकडे पाहिले नाही. मग पत्नी माझ्या कानांनी कित्येक वर्षांत न ऐकलेल्या आवाजात म्हणाली, "जावईबापू, त्या देवळ्यांत मी अक्षता घातल्यात."

जुन्या भिंतीतल्या देवळीत दिवा ठेवावा, तसे तिला ते झरोके दिसले होते. देवळी आहे आणि आत काही नाही, हे तिच्याने बघवले नसावे.

जावई झाकणाआडून बाहेर आले. मला वाटले, आता हसतील किंवा चिडतील. ते दाराशी उकिडवे बसले आणि त्यांनी विचारले, "आई, किती घातल्या?"

"डावीकडं ओंजळभर. झेंडू अन् कुंकू पण हाय." मग थोड्या वेळाने, "उजवीकडं जरा जास्त. तिकडं तुम्ही बसता."

जावई तसेच बसून राहिले. त्यांना उठण्यास पत्नीपेक्षाही अधिक वेळ लागला.

मग त्यांनी गाळणी काढली. तिच्या तेलकट अंगावर परळीची राख, त्यात कुंकवाचा चिखल, झेंडूच्या पाकळ्या आणि तांदूळ असा लेप बसला होता. इतकी साग्रसंगीत पूजा मी काल पुढच्या बाजूसही केली नव्हती. त्यांनी अक्षता वेचून रुमालात घेतल्या, पायदळी जाऊ दिल्या नाहीत. त्या माणसाविषयी माझे जे मत आज आहे, ते त्या रुमालाने झाले. गाळणी झटकून झाली, पण पुढे राख होतीच. पत्नीने डब्यावरचा पंचा काढून त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो पाहिला, आपल्या गाडीकडे पाहिले, आणि गाळणीवर घट्ट गुंडाळून दोऱ्याने बांधला. हे पुण्यातल्या गिऱ्हाइकांना कळले तर गॅरेजला कुलूप लागेल, असे ते म्हणाले. पत्नी म्हणाली, "लागू द्या. पाटबंधारे खातं अजून हाय." वर्षानुवर्षे साठलेले वाक्य तिने असे खर्च केले, आणि जावई मोकळेपणाने हसले.

पुढचा रस्ता आमची टमटम पुढे आणि ती गाडी मागे, अशी मिरवणूक निघाली. शेजारी आरशात बघून फार काळ सुखी होता. देवळाच्या पायऱ्यांवर पत्नीने आधारासाठी हात पुढे केला, तो माझ्याकडे असेल म्हणून मी सरसावलो. हात जावयांकडे होता. त्यांनी तो धरला आणि दोघे पायरी पायरी वर गेले. मी लेकीसह मागून गेलो. लेक पदराने डोळे पुसत राहिली. राख गेली असेल.

परतल्यावर पुण्यास जाऊन जावयांनी झरोक्यांवर जाळ्या पुन्हा बसविल्या. त्याने गाडीचा वेग किंचित कमी झाला, असे ते सांगतात, आणि गिऱ्हाइकांना कारण सांगत नाहीत. मलमलचा पंचा त्यांनी परत केलेला नाही. पत्नी आता त्यांना थेट फोन करते. आधी गाडीचा श्वास कसा आहे हे विचारते आणि मग सरकारी नोकरीत परत जाण्याविषयी बोलते, पुष्कळ वेळ बोलते. परवा जावयांनी मला हळूच विचारले की सासूने जावयाशी न बोलण्याची ती रीत नेमकी कोणत्या शास्त्रात आहे. शास्त्रात नाही, असे मला त्यांना सांगावे लागले. पुढच्या धोंड्याला मात्र येतो, असे ते आपणहून म्हणाले आहेत.

वाचकहो, आपल्या दारी जे वाहन असेल त्याची वाट वैद्यनाथ मोकळी ठेवो. आपल्या घरातल्या कोणत्याही देवळीत अंधार न राहो, आपल्या लेकींचे उंबरे कधी परके न होवोत, आणि जे बोलायचे ते वेळीच, समोरासमोर बोलण्याची बुद्धी आपल्या घरातल्या थोरामोठ्यांस मिळो.