भीमेकाठची दाढ
ओल्या प्लास्टरचा वास आला की मला भीमेचा काठ आठवतो. शिकत असताना तिथल्या दरडीत मला एका प्राचीन हत्तीची दाढ दिसली होती. संध्याकाळी धरणातून पाणी सुटणार होतं आणि ती ठिसूळ दाढ एकटीनं काढणं शक्य नव्हतं, म्हणून मी वडिलांना फोन केला. एमआयडीसीतला आपला टॉवेल विणायचा माग बंद करून, विक्रीला न चालणाऱ्या डागी टॉवेलांचं गाठोडं घेऊन ते मोटरसायकलवर आले. प्लास्टरात भिजवलेले टॉवेल आम्ही दाढेभोवती गुंडाळले आणि ते वाळायची वाट बघत बसलो. "लई जुनी हाय का गं?" त्यांनी विचारलं. "माणूस शेती करायला लागला, त्याच्याही आधीची, अण्णा." त्यांनी तिच्यावर हळूच हात ठेवला. "मग इतकी वर्सं थांबली की. अजून तासभर थांबंल." त्या तासात, गुरं राखताना आपण याच नदीत पोहायला कसे शिकलो, ते त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितलं. पाणी चढायच्या आत आम्ही दाढ वर आणली. आज ती संग्रहालयात काचेमागे आहे. अण्णा नाहीत. तिच्यासमोर उभी राहिले की त्यांच्या शेजारी बसलेला तो तास पुन्हा हवासा वाटतो. खालच्या पाटीवर, शोधणाऱ्याच्या जागी, माझं एकटीचंच नाव आहे.