ओवाळणीत दिलेली कॉफीची मशीन

मोहर्लीत आमच्या घरच्या दोन खोल्या आम्ही सफारीच्या पाहुण्यांना देतो. असाच एक जुना पाहुणा जाताना आपली घरची एस्प्रेसो मशीन माझ्या हातात ठेवून गेला, चालवायलेही त्यानंच शिकवलं. तेव्हापासून जिप्सीत बसायच्या आधी लोकं माझ्या व्हरांड्यात उभी राहून कॉफी पितात. या घरात माझी म्हणावी अशी तेवढीच एक वस्तू, हे आधीच सांगून टाकते.

दसऱ्यानंतर ती बोंबलायले लागली. बटन दाबलं की आतला पंप असा खडखडे की पाहुण्यांची लेकरं दचकून उठत. नवरा चहा ढोसत म्हणे, "बायांच्या हाती मशीन दिली की असंच होते. भाऊबीजेले बाई येऊन राह्यली, तिलेच ओवाळणीत देऊन टाकू. नागपुरात कोणीतरी सुधरवून देईन." बाई म्हणजे त्याची मोठी बहीण. मले एका शब्दानं विचारलं नाई. माझं तर डोकंच सणकलं. ओवाळणीत गेलेली वस्तू परत मागता येत नाई, हे त्याले चांगलं ठाऊक होतं.

मी ठरवलं, आवाजच बंद करायचा, म्हणजे याचंही तोंड बंद होईन. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी तो जिप्सी घेऊन जंगलात गेला अन् मी मशीन मागच्या आंगणात नेली. तिची पाण्याची टाकी मागच्या बाजूले, काळी. मी रोज वरचं झाकण उघडून पाणी ओतत होती, तळ कधी दिसलाच नव्हता. टाकी उचलून काढली तर भपकन वास आला. तळाच्या जाळीवर कुजलेले तांदूळ अन् त्यावर कुंकवाचा लाल चिकटा. बोट लावलं तर लाळेसारखी तार निघाली. इतके दिवस हेच पाणी मी लोकांना पाजून राह्यली होती, अन् स्वतःही पीत होती.

आमच्याकडे दसऱ्याले जे जे वायरीवर अन् पेट्रोलवर चालते त्याची पूजा होते. नवऱ्याचं कोणतंच काम अर्धवट नाई. जिप्सीवर नारळाचं पाणी ओतलं, ते वाहून गेलं. मशीनवर ओतलं, ते वरच्या जाळीतून सरळ आत. वरून टाकीचं झाकण उघडून अक्षताही आतच टाकल्या, देवीच्या पोटात.

स्क्रू काढून मागचा पत्रा उघडला तर आत झुरळांचा संसार. जिवंत होती ती माझ्या हातावरून पळाली. पंप मुठीएवढा, दोन रबरी कड्यांत बसतो. नारळपाण्यानं चिकट झालेल्या त्या कड्या झुरळांनी कुरतडून ठेवल्या होत्या. म्हणून पंप पत्र्यावर आपटत होता. नाकाले पदर बांधून, जुन्या ब्रशनं मी सगळं खरवडलं. जाळी उकळत्या पाण्यात काढली. सायकलच्या फाटक्या ट्यूबचे तुकडे कापून पंपाले दुहेरी गुंडाळले. मग चांगलं पाणी किती वेळा फिरवलं, त्याचा हिशोब नाई. शेवटी ती नुसती गुणगुणायले लागली. निघालेली घाण मी एका वाटीत ठेवली, नवऱ्याले दाखवायले.

तो आला, बटन दाबून पाह्यलं. म्हणे, "वा, आता तर देताना लाजही नाई वाटणार."

मी वाटी पुढं केली. तो म्हणे, "पूजेचं आहे ते. त्याले घाण म्हणू नको." झुरळं अंगावरून गेली तेव्हा आली नव्हती एवढी किळस मले त्या माणसाची आली.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. त्यांना कॉफी करून दिली. "काऊन वं, हिचा तर आवाजच नाई," म्हणत त्यांनी दोन घोट घेतले. ओवाळून झालं तसा नवऱ्यानं मशीनवर हात ठेवला अन् म्हणाला, "बाई, ही तुमची." बाईंचा चेहरा असा फुलला की मले आपलं काही उरलं नाई असंच वाटलं.

मी आत गेली अन् वाटी आणून ताटाजवळ ठेवली. "बाई, तुमच्या भावानं दसऱ्याले केलेली पूजा कालपर्यंत हिच्या पोटात होती. मी काढली. पण सगळीच निघाली का, हे मी छातीठोक नाई सांगत."

बाईंनी वाटीत पाह्यलं, मग आपल्या कपात पाह्यलं, अन् तोंडावर हात धरून न्हाणीकडं पळाल्या. बाहेर आल्या त्या एवढंच म्हणाल्या, "मले नको रे बाप्पा. साडी दे." नवरा तसाच उठून साडी आणायले चंद्रपूरले गेला.

त्या दिवसापासून तो त्या मशीनची कॉफी तोंडाले लावत नाई. मी पिते. पाहुणे यायच्या आधी पहिला कप माझा. पहिल्या घोटाले अजून मळमळते, खोटं काऊन बोलू. तरी पिते, कारण मशीनवर हात ठेवून ती कोणाले देऊन टाकायची हिंमत आता या घरात कोणाची होत नाई.