कंबर सांगायची नसते

मिरजेहून मैसूरची गाडी पकडली तेव्हा माझ्या बॅगेत दोन शर्ट, एक टॉवेल आणि लॅमिनेट केलेले शंभर माफीनामे होते. आमच्या मालकांनी ते मराठी-कन्नड दोन्ही भाषांत छापून घेतले होते. वर कंपनीचं चिन्ह, मधे दिलगिरी, आणि खाली, 'हा कागद दाखवल्यास पॅन्टवर वीस टक्के सूट'. मी म्हटलं, साहेब, माफीखाली सूट बरी दिसत नाही. ते म्हणाले, एवढं लॅमिनेट केलंय तर जागा फुकट का घालवायची?

मी कोल्हापुरात एका कपड्यांच्या कंपनीत जाहिराती लिहितो. हे सगळं रामायण एका रेडीमेड पॅन्टच्या जाहिरातीवरून झालं. त्यात मैसूरचा एक मराठी शिंपी, गळ्यात टेप, तोंडात अर्धी मराठी आणि अर्धी कन्नड. तो एका लठ्ठ गिऱ्हाइकाची कंबर मोजतो आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं ओरडतो, "चव्वेचाळीस! नलवत्नाल्कु!" दुकान हसतं, गिऱ्हाईक पळत सुटतं आणि आमची लवचिक कमरेची पॅन्ट विकत घेतं. झालं. तोवर मैसूर मला फक्त मैसूरपाकापुरतं ठाऊक होतं, तरी मी हे टेबलावर बसून वीस मिनिटांत लिहिलं आणि स्वतःवर खूश झालो.

शिंप्याचं काम मैसूरच्याच एका खऱ्या शिंप्याने केलं होतं. त्यांना सगळे पंढरीअण्णा म्हणतात. जाहिरात फोनाफोनांवर फिरली आणि आठवड्याभरात पंढरीअण्णांचा फोन आला. त्यांच्या घरी चार पिढ्या तिथल्या विठ्ठल मंदिरातल्या देवाचे कपडे शिवले जातात, दर कार्तिकी एकादशीला नवा जोड. या वर्षी मंदिरातल्या लोकांनी ते काम त्यांच्याकडून काढून घ्यायचं ठरवलं होतं. गुरुवारी संध्याकाळी बैठक होती, तीत पक्कं होणार. "सार, देवाचं शिवण जातंय माझ्या हातातनं," ते म्हणाले. "लिहिलं तुम्ही. येऊन तुम्हीच सांगा."

गाडीत रात्रभर मी मनातल्या मनात भाषण करत होतो. हल्ली लोकांना राग यायला काही लागत नाही. खडूस सासू दाखवली की सासवा चिडतात, विसरभोळा मास्तर दाखवला की मास्तर चिडतात. बोलण्यावरून जरा थट्टा केली की लगेच भावना दुखावल्या. अरे, भावना आहेत की गळू? असं बरंच काही मी शेजारच्या गृहस्थांनाही ऐकवलं. ते अरसीकेरेला उतरले. त्यांचं तिकीट मैसूरपर्यंत होतं असं मला अजून वाटतं.

सकाळी मैसूरला उतरलो. हवा गार, रस्ते रुंद, आणि खांबांवरून दसऱ्याचे दिवे उतरवायचं काम सावकाश चाललेलं. माझी राहायची सोय मेटगळ्ळी भागात, कंपनीच्या वितरकाच्या गोदामामागच्या खोलीत होती. रिक्षा त्या रस्त्याला लागली, आणि कारखान्यांच्या भिंतींच्या पुढे एका खाणावळीचा मोठा फलक दिसला. त्यावर एक मराठी माणूस. गलमिश्या, हातात तांबडा रस्सा, तोंडातून जाळ आणि कानांतून धूर. शेजारी त्याची नऊवारीतली बायको बादलीभर पाणी घेऊन उभी.

मी रिक्षा थांबवली. उतरून फलकाचे चार फोटो काढले. रिक्षावाल्याने हिंदीत विचारलं, काय झालं? मी म्हटलं, हा आमचा अपमान आहे. त्याने फलक नीट पाहिला, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि म्हणाला, पण चांगला दिसतोय की माणूस. मी म्हटलं, जाळाचं जाऊ दे, पण फेटा बघ! असला फेटा आमच्याकडे कोणी बांधत नाही, हे तर डोक्याला पंचा गुंडाळल्यासारखं आहे! सकाळी नऊ वाजता भर रस्त्यात मी त्याला स्वतःच्या टॉवेलने फेटा बांधून दाखवला. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. मीटर मात्र चालू ठेवला होता.

दुपारी जुन्या बाजारातल्या पंढरीअण्णांच्या दुकानात गेलो. दहा बाय आठची खोली, दोन मशिनं, भिंतीला देवाचा फोटो. जाहिरातीत ते मला चांगले उंच वाटले होते, प्रत्यक्षात माझ्या खांद्याला लागत होते. "या सार, बसा. कापी घेता नव्हं?" (कॉफीला इथे कापी म्हणतात, आणि ती नको म्हणण्याची सोय नाही.) कॉफीबरोबर नंजनगुडची रसबाळे आली. बोटभर लांबीची ही केळी इतकी गोड, की मी सहा खाल्ली आणि सातव्याला नको म्हणताना जिवावर आलं.

मग मी बोलायला लागलो. म्हटलं, तुमच्या लोकांच्या बोलण्याची आम्ही टिंगल केली, ते चुकलंच. अर्धी मराठी, अर्धी कन्नड, हे दाखवायला नको होतं. पंढरीअण्णा दोनदा म्हणाले, "ते नाही हो सार, ते पर्वागिल्ला (असू दे)." पण मी थांबतोय कशाला? वर्षानुवर्षं घरात जपलेल्या भाषेचा अपमान वगैरे सगळं मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांची बायको सरसक्का दारात उभी राहून ऐकत होती. शेवटी ती कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली आणि आत गेली. मी अर्थ विचारला. पंढरीअण्णा जरा घोटाळले आणि म्हणाले, दमला असाल, जेवून घ्या म्हणते. जेवायला पिठलं होतं, त्यात ओलं खोबरं आणि कढीपत्ता. त्याला पिठलं म्हणणं मला जड गेलं, पण तीन वेळा वाढून घेतलं.

संध्याकाळी बैठकीला मंदिरात गेलो. भजन झालं, आरती झाली, मग सगळे तिथेच गोल बसले. तीस-चाळीस माणसं, बहुतेक शिंपी, थोड्या बायका. मधे गोविंदमामा, इथे शेवटचा शब्द त्यांचा. वय ऐंशीच्या पुढे, धोतर, कोट, आणि सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवतात अशी ख्याती. पंढरीअण्णा कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते. सगळ्यांच्या मधे, पाटावर, पिवळ्या रेशमाचा एक तागा ठेवला होता. देवाचं कापड ते. आज रात्री तो कोणाच्या घरी जाणार, एवढाच प्रश्न होता.

मी माफीनामे वाटले आणि उभा राहून एक मोठ्याने वाचला. 'आपल्या गोड मिश्र बोलीचा उपहास झाला असल्यास' इथपर्यंत आलो तेव्हा लोक एकमेकांकडे पाहायला लागले. एका आजोबांनी माफीनाम्याने वारा घ्यायला सुरुवात केली होती. एका मावशींनी विचारलं, ही सूट ब्लाउजला चालते का?

गोविंदमामांनी मला बसायला सांगितलं. म्हणाले, बोलण्याचं काय मधे आणलंय तुम्ही? आम्ही बोलतोच तसं. पोरांनी तर ते 'नलवत्नाल्कु' पुन्हा पुन्हा लावून हसून घेतलं, आम्हीही हसलो.

माझी पंचाईत झाली. म्हटलं, मग राग कशाचा?

"कंबर ओरडून सांगितली त्याने," मामा म्हणाले.

मग त्यांनी मला समजावलं. उंची मोठ्याने सांगतात, बाही सांगतात, छाती सांगतात. कंबर कधीच नाही. टेप कमरेभोवती घ्यायची, आकड्यावर नख दाबायचं, तसंच वहीपाशी चालत जायचं आणि स्वतःच्या हाताने लिहायचं. सोबतच्या कारागिरालासुद्धा सांगायचं नाही. राजवाड्यातले कारभारी असोत की मंडईतला हमाल, या गावातल्या माणसांच्या कमरा आम्ही चार पिढ्या पोटात ठेवल्या, मामा म्हणाले. आता गिऱ्हाइकं दारातून विचारतात, मोठ्याने नाही ना सांगणार? एकाने तर पडदा लावा म्हणून सांगितलं. आणि ज्याला हे कळत नाही त्याच्या हातात देवाची कंबर द्यायची?

मी पंढरीअण्णांकडे पाहिलं. दुपारभर हा माणूस हेच सांगायला बघत होता आणि मी त्याला त्याच्या भाषेचा अभिमान शिकवत होतो. ते हळू आवाजात म्हणाले, अकरा वेळा नाही म्हटलं, बाराव्याला जाहिरातीच्या दिग्दर्शकाने सांगितलं की नाटकच तर आहे. मला माझी लाज वाटली. अगदी स्वच्छ, तोंड लपवावं अशी.

"ओरडायचं कोणी लिहिलं?" मामांनी विचारलं.

मी हात वर केला.

"तुमची कंबर किती?"

माझा हात आपोआप पट्ट्यावर गेला. आमच्याकडे म्हणतात, स्वतःचं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून. मी गेली तीस वर्षं त्याचाच पगार घेतोय. मामा म्हणाले, पंढरी, टेप घे. यांची कंबर घे, आणि जाहिरातीत सांगितलीस तशी सगळ्यांना ऐकू येईल अशी सांग. मी चूपचाप उठून मधे उभा राहिलो. ज्याचं काम माझ्यामुळे जात होतं, त्याच्यासाठी एवढं तरी सोसायलाच हवं होतं.

पंढरीअण्णा आले. मी पोट जेवढं आत घेता येईल तेवढं घेतलं आणि छताच्या एका दिव्याकडे पाहत राहिलो. "श्वास सोडा सार," ते कानाशी पुटपुटले. "माप खोटं येतं." मी सोडला. रसबाळे, पिठलं, सगळं एकदम पुढे आलं. मागून कोणीतरी खोकलं. त्यांनी टेप जुळवली, आकड्यावर नख दाबलं आणि तसेच उभे राहिले.

"सांग," मामा म्हणाले.

पंढरीअण्णांनी नख आणखी घट्ट दाबलं. "सांग की, त्या दिग्दर्शकाचं ऐकलंस, आमचं ऐकायचं नाही तुला?" मामांचा आवाज चढला. मीच कळवळून म्हटलं, सांगा हो, माझं काय जातंय, तुमचं काम जाईल. त्यांनी एकदा त्या पिवळ्या रेशमाकडे पाहिलं.

मग त्यांनी नख काढलं. टेप गुंडाळून खिशात घातली. "सांगत नाही, मामा," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाची कंबर आहे."

गोविंदमामा गुडघ्यावर हात टेकून उठले, पाटावरचा तागा उचलला आणि त्यांच्या हातात ठेवला. "एकादशीच्या आदल्या दिवशी आण," एवढंच म्हणाले. सरसक्काने पदर डोळ्यांना लावला. मी अजून मधेच उभा होतो, शर्ट पॅन्टच्या बाहेर आलेला, आणि मला रडू येतंय हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी परतीची गाडी. लोक फार चटकन दुखावतात का, यावर या वेळी मी शेजाऱ्याला काही ऐकवलं नाही. दुखावत असतीलही. पण आपण कुठे टोचलं, हे आपल्याला वाटतं तिथेच असतं असं नाही, आणि विचारायचं सोडून आपण शंभर कागद लॅमिनेट करून नेतो.

कोल्हापुरात ऑफिसमध्ये चहाच्या वेळी मी सगळी हकिकत सांगितली. मालकांनी कुरकुर करत ती जाहिरात बंद करायला होकार दिला. सगळे पोट धरून हसले, मीही हसलो. हसू ओसरल्यावर मालक डोळे मिचकावत म्हणाले, "ते सगळं ठीक. पण आकडा किती निघाला?"

सगळे कान टवकारून माझ्याकडे पाहायला लागले. मला खरंच ठाऊक नव्हतं. पंढरीअण्णांनी तो मलाही सांगितला नव्हता.