पोरीच्या पायांची रांग

माझ्या धाकट्या बहिणीपुढे मी हात टेकले त्याला बरीच वर्षं झाली. तरी ती दर आठवड्याला नव्याने टेकायला लावते.

ती शाळेत चित्रकला शिकवते आणि उरलेल्या वेळात शिल्पं करते. उरलेला वेळ म्हणजे स्वयंपाकाचा, झोपेचा आणि माझा. तिचा नवरा वारल्यापासून मी तिच्याकडेच राहते, त्यामुळे बादल्यांत घट्ट झालेलं प्लास्टर खरवडणं माझ्याकडे आलं. ते मोरीत जाऊन तुंबलं की प्लंबरची बोलणी खाणं, तेही माझ्याकडेच.

लेकीच्या प्रत्येक वाढदिवसाला तिच्या पायांचा साचा काढायचा, हे बाईसाहेबांचं व्रत. मोडलेल्या हाडाला डॉक्टर गुंडाळतात तशा प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुडघ्यापासून खाली गुंडाळायच्या. कडक झाल्या की बाजूने कापून सोडवायच्या. ते टरफल पुन्हा जोडून आत पातळ प्लास्टर ओतायचं. ते घट्ट झालं की टरफल फोडायचं, आत पाय तयार. पहिल्या वर्षीच्या पायांचे अंगठे आखडलेले आहेत, कारण पोरगी तेव्हा बोंबलत होती. बैठकीच्या खोलीत भिंतीकडेने ही सगळी रांग उभी असते. चहा प्यायला आलेली माणसं तिकडे पाठ करून बसतात. चौथ्या वाढदिवसाच्या डाव्या पायाची करंगळी माझ्या केरसुणीने उडाली, ते मला अजून ऐकवलं जातं.

शेवटी एका गॅलरीला ही रांग आवडली. मुलीचं लहानपण संपतं तिथपर्यंतचे पाय ओळीने मांडायचे आणि लोकांनी शेजारून चालत जायचं, असं ठरलं. तेराव्या वाढदिवसाला गॅलरीवाला स्वतः बघायला आला. पोरगी परक्या माणसासमोर पाय पसरून बसायला तयार नव्हती. धाकटीने तिला दामटून बसवलं.

लहानपणी साच्याआधी पायांना नुसता तेलाचा हात पुरायचा. धाकटीने तेवढाच फिरवला. मी म्हटलं, अगं, जरा नीट बघ तरी. तर म्हणे, माझ्या पोरीचे पाय मला पाठ आहेत. पाठ होते ते गेल्या वर्षीचे. यंदा पोटऱ्यांवर लव आली होती आणि तिथे व्हॅसलीनचा जाड थर लागतो, हे शिल्पकार आईच्या ध्यानात आलं नाही. साचा ओढला तशी पोरगी कळवळली. टरफलाच्या आत तिचे केस चिकटलेले होते, आणि गॅलरीवाला वाकून ते बघत होता. पोरीने खोलीत जाऊन कडी लावली.

इतकं होऊनही ही बया खूश! तेराव्या वर्षाचे पाय ओतायचेच नाहीत, ती म्हणाली, केसांसकट उघडं टरफलच ठेवायचं, वर दिवा सोडायचा. वयात येणं म्हणजे हेच, असं गॅलरीवालाही म्हणाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वयात येत होती ती आत कडी लावून बसली होती.

रात्रीचं जेवण पोरीने ताटात चिवडलं. धाकटी तिला समजावत राहिली, कुणाचे पाय आहेत ते कुणाला कळणारसुद्धा नाही.

"मला कळेल ना," पोरगी म्हणाली.

त्यानंतर घरात अबोला. पोरगी मोजे घालून झोपायला लागली. मी धाकटीला सांगून पाहिलं, भांडून पाहिलं, एक दिवस स्वयंपाकही केला नाही. तिने पाव खाल्ला आणि कामाला लागली. कधी कधी वाटायचं, हिला हलवून विचारावं, तुला पोरगी हवी आहे की तिचे पाय?

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी डबा घेऊन गॅलरीत गेले. लहान-मोठे पाय ओळीने उभे होते. टोकाशी धाकटी जमिनीवर बसली होती, हात कोपरापर्यंत पांढरे. दोन्ही पायांची टरफलं जोडून, घट्ट बांधून तिने ती प्लास्टरने काठोकाठ भरून टाकली होती.

"आता हे फोडायचं नाही," ती म्हणाली. "आत आहे ते तिचं आहे."

गॅलरीवाल्याचा पारा चढला. रांगेच्या शेवटी दोन ओबडधोबड ढेकळं उभी राहिली. उद्घाटनाला आलेल्या जाणकारांनी त्यावर भरपूर माना डोलावल्या, त्यांचं सोडा. पोरगी उशिरा आली. ढेकळांपाशी बराच वेळ थांबली, एकावर टकटक करून पाहिलं आणि घरी गेली.

मला वाटलं, धाकटीने आता कानाला खडा लावला असेल. कसचं काय. पुढच्या वाढदिवसाला सकाळी उठून बघते तर पट्ट्या भिजवून, व्हॅसलीनची मोठी डबी घेऊन बाई पोरीच्या दारात उभी. एवढं मात्र खरं की तिने दार वाजवलं. या घरात आजवर कुणाचंही दार तिने वाजवलेलं नव्हतं.

आतून आवाज आला, "नको."

"बरं," धाकटी म्हणाली आणि माझ्याकडे वळली. भिजलेल्या पट्ट्या फुकट जाणार होत्या. मी नाही म्हणेपर्यंत माझी साडी गुडघ्यापर्यंत वर आणि सुजलेला घोटा गुंडाळलेला. माझं बोलणं ऐकायला शेजारी उठून बसले असतील.

दाराची कडी निघाली. पोरीने डोकं बाहेर काढलं.

"आई, मावशीला व्हॅसलीन लावलंस?"

धाकटीचे हात जागच्या जागी थांबले. डबी न उघडलेली, तिच्या शेजारीच. पोरगी आली, माझ्यासमोर खाली बसली, ओल्या पट्ट्या तिने अलगद सोडवल्या आणि माझ्या पोटरीला, घोट्याला, बोटांच्या बेचक्यांत नीट व्हॅसलीन चोळलं. दुखतंय का, असं मला दोनदा विचारलं.

मग मान वर न करता आईला म्हणाली, "पुढच्या वर्षी मला विचारायला येशील ना, तेव्हा पट्ट्या आधी भिजवू नकोस."